भीतीचं दृश्य आहे, पण भीती वाटत नाही: दोष नेमका कुठे शोधायचा?

रात्रीचं दृश्य. खोलीत अंधार, कॅमेरा हातात धरलेला, पार्श्वसंगीत चढत चाललेलं, सगळ्या चित्रावर निळी छटा. मुलगी दार उघडते, धाडकन आवाज होतो, एक चेहरा समोर येतो. बघणारे दचकतात, लगेच एकमेकांकडे बघून हसतात, आणि पुढची दोन मिनिटं पडद्यावर काय चाललंय याचं कुणाला सोयरसुतक राहत नाही.

मी संकलन करते. नव्या मुलांच्या भय-लघुपटांत हे दुखणं इतक्यांदा बघितलंय की फोनवरचं पहिलं वाक्य मला पाठ झालंय: "ताई, सीन लागत नाहीये, जरा टाइट करून द्याल का?" टाइट करून हा सीन लागत नाही. बहुतेक वेळा तो आणखी बिघडतो, कारण दोष लांबीत नसतो. कॅमेरा म्हणतो घाबरा, संगीत म्हणतं घाबरा, रंगही म्हणतो घाबरा. तिघांनी मिळून सगळं सांगून टाकलं की बघणाऱ्याने शोधायचं, ताडायचं असं काही उरतच नाही. माणूस ज्या क्षणी आपणहून कान टवकारतो त्या क्षणी ताण सुरू होतो. म्हणून मी दुरुस्तीला बसले की एवढंच बघते: तिघांपैकी सांगतंय कोण, लपवतंय कोण आणि थांबून कोण राहिलंय. तिघंही सांगतच असतील तर दोष सापडला.

आधी लक्षण ओळखा: दचकणं की धास्ती?

आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत हे बरंच आहे. दचकणं ही शरीराची आपोआप होणारी हालचाल आहे. मोठा आवाज अचानक आला की पापणी मिटते, मान आखडते, खांदे वर जातात. पापणी तर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच मिटायला लागते. तो आवाज भुताचा की दिवाळीतल्या सुतळी बॉम्बचा, याच्याशी शरीराला देणंघेणं नसतं. आणि तोच धक्का दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिला की शरीर सरावतं.

धास्ती वेगळी. ती आधी येते आणि रेंगाळते. गंमतीचा नव्हे, पण फार उपयोगाचा भाग असा की आधीच धास्तावलेला माणूस त्याच आवाजाला जास्त जोरात दचकतो. हे प्रयोगशाळांमध्ये पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. म्हणजे धक्का बसत नसेल तर धक्का मोठा करून उपयोग नाही, त्याच्या आधीचे चाळीस सेकंद दुरुस्त करावे लागतात.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या कृष्णधवल चित्रपटात आहे. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्याने एक बाई चालली आहे. मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतोय. चालता चालता तो मागचा आवाज बंद होतो. पुढची बाई घाबरून पळत सुटते आणि अचानक हवेच्या ब्रेकचा फिस्कारल्यासारखा आवाज करत एक बस चौकटीत घुसते. निर्माते व्हाल ल्यूटन यांच्या नावावरून अशा फसव्या धक्क्याला सिनेमावाले आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. सगळ्यांच्या लक्षात ती बस राहिली. पण खरं काम केलंय ते थांबलेल्या पावलांनी. पावलं ऐकू येत होती तोवर धोका कुठे आहे ते कळत होतं; ती थांबली आणि धोका कुठेही असू शकतो असं झालं. बस फक्त साठलेलं मोकळं करते. नवी मुलं बस उचलतात आणि पावलं सोडून देतात.

उदाहरणाचा सीन

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेला एक सीन घेते. करणाऱ्या मुलांना विचारून लिहिते आहे.

कोकणातलं घर. आजीला दात नाहीत, त्यामुळे ती रोज दुपारी माजघरात बसून पितळी खलबत्त्यात पान कुटते. आजी जाते. दिवसकार्य आटोपतं, पाहुणे परततात, नात दोन दिवस घरात एकटी राहते. मध्यरात्री तिला माजघरातून खलबत्त्याचा आवाज येतो.

कल्पना ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला होता. पहिला कट बघितला आणि काहीच झालं नाही. २ मिनिटं १० सेकंदांचा सीन. पहिल्या सेकंदापासून खर्जातला एक घुमणारा नाद. कॅमेरा सतत हलता. खलबत्त्याच्या प्रत्येक ठोक्याला देवळातल्यासारखा घुमारा. सगळं निळसर-हिरवं. १ मिनिट ५० सेकंदांवर आजीचा पांढरा चेहरा आणि कानठळ्या बसवणारा धक्का. आठ जणांना दाखवला. आठही दचकले, चौघं हसले.

अशा वेळी मी तीन चाचण्या करते. यासाठी वेगळं काही लागत नाही, तुमच्या टाइमलाइनवरच होतात.

पहिली चाचणी: चित्र बंद करा

मॉनिटर बंद, हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. आणि स्वतःला विचारायचं: मी कुठे आहे?

त्या मुलांच्या आवाजात घरच नव्हतं. पावसाळ्यातल्या कोकणातल्या घराला रात्री किती आवाज असतात! बेडूक, रातकिडे, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, वाऱ्याने हलणारी खिडकीची फळी, फ्रिजची घरघर, पंख्याच्या एका पात्याची कुरकुर. यातलं काहीही नाही. होता तो फक्त तयार ट्रॅकमधून आणलेला खर्ज. तो सुरुवातीपासून −१४ डेसिबलच्या आसपास बसला होता आणि शेवटचा धक्का −३ वर. (संगणकावर शून्य म्हणजे आवाजाची कमाल मर्यादा, म्हणून आकडे उणे.) म्हणजे जमीन आणि कळस यांत फक्त ११ डेसिबलचं अंतर. कान दोन मिनिटं त्या नादाला सरावलेला असतो, त्याला उडी मोठी वाटणार कशी?

इथे बहुतेक जण धक्का आणखी वाढवायला जातात. वर जागाच नसते, मग आवाज फाटतो. अंतर खालून मिळवायचं असतं. जमीन खाली न्या.

पण नुसता नाद काढून टाकला तर ट्रॅक मोकळा पडतो, आणि ते त्याहून वाईट. ट्रॅकवर काहीच नसणं म्हणजे शांतता नव्हे. थिएटरात आवाज एकदम शून्यावर गेला की लोकांना वाटतं स्पीकर बंद पडला. प्रत्येक खोलीला तिचा स्वतःचा रिकामा आवाज असतो. शूटच्या जागी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिटभर तो रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याला रूम टोन म्हणतात, आणि युनिट जेवणाच्या गडबडीत असताना हमखास राहून जातो तो हाच. त्या मुलांचाही राहिला होता. एकाला रेकॉर्डर घेऊन परत त्या घरी पाठवलं.

तो परत आला ते एक सोनं घेऊन. तो रेकॉर्ड करत असतानाच लाइट गेली होती. ते रेकॉर्डिंग आम्ही पंधरा वेळा ऐकलं असेल. फ्रिजची घरघर एका झटक्यात तुटते. छताचा पंखा मात्र लगेच थांबत नाही. त्याचा वारा हळूहळू मंदावतो, मग पात्यांची एकेक फेरी वेगळी ऐकू यायला लागते, मग कुरकुर लांबत जाते. पन्नासेक सेकंदांनी तो थांबतो. आणि तो थांबेपर्यंत त्याच्याखाली दबलेले आवाज एकामागून एक वर येतात: आधी बेडूक, मग पागोळ्या, मग शेवटी परसात पालथ्या घातलेल्या बादलीवर पडणारा एकेक थेंब. टप. बराच वेळ काही नाही. टप.

लाइट गेल्यावरची ही शांतता आपल्यातल्या प्रत्येकाने अंगाने अनुभवलेली आहे. ती कुठल्याही नादपेढीत विकत मिळत नाही. सीनचा सगळा कणा आम्ही यावर उभा केला. संगीत पूर्ण काढलं. पंखा चालू असताना जमीन −३० च्या आसपास आणि तो थांबल्यावर −५० च्या खाली. त्यात खलबत्त्याचा पहिला ठोका −३४ ला ठेवला. कागदावर हा आकडा किती फुसका दिसतो! पण १६ डेसिबलांचं अंतर पडलं, आणि एवढ्या हळू आवाजासाठी बघणारा पुढे झुकायला लागला.

तो पहिला ठोका आम्ही बादलीवरच्या थेंबाच्या शेजारी बसवला. टप… टप… टक. हा थेंब होता की बत्ता? ऐकणाऱ्याला खात्री नाही. नातीलाही नाही. दोघांनी मिळून पुढच्या आवाजाची वाट बघायची. चार सेकंद. सात सेकंद. मग थेंब. सुटकेचा श्वास. आणि मग तीन ठोके: दोन हलके, एक जोराचा, आणि शेवटी बत्ता खलाच्या कडेने फिरवल्याचा खर्रर्र.

तो खर्रर्र का चालतो, हे महत्त्वाचं आहे. आजीची पान कुटायची हीच लकब आम्ही चित्रपटाच्या दुसऱ्याच मिनिटाला, भर दुपारी, गप्पांच्या मागे ऐकवून ठेवली. त्यावर क्लोज-अप नाही, कुणी त्याबद्दल बोलत नाही. नात अभ्यास करत्येय, आई चहाला हाक मारत्येय आणि मागे तो आवाज. बघणाऱ्याला आपण तो ऐकला हेसुद्धा लक्षात नसतं. रात्री मात्र तो ओळखतो. ओळखीची वस्तू चुकीच्या वेळी भेटली की काळजात चर्र होतं. अनोळखी वस्तूने तसं होत नाही.

आणखी एक बारीक दुरुस्ती. ठोक्यांना लावलेला तो घुमारा काढला. मातीच्या जाड भिंतीपलीकडून येणारा आवाज घुमत नाही, बोथट होतो. त्यातला वरचा टणत्कार भिंत खाते. संगणकावर फिल्टर लावूनही हे जमतं, पण आम्ही खरोखरच एकाला शेजारच्या खोलीत खलबत्ता घेऊन बसवलं आणि माइक इकडे, पलंगाजवळ ठेवला. खरी भिंत जे करते ते फिल्टर तितकं करत नाही.

मग किंचाळणाऱ्या व्हायोलिनचा उपयोगच नाही का? आहे, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लमस्टीन मार्मट या डोंगरी प्राण्यांचा अभ्यास करत होते. पकडलेल्या पिल्लाची किंकाळी ऐकून आपण स्वतः कसे हादरतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर चित्रपटांच्या आवाजात असेच फाटलेले, पट्टी अचानक सोडणारे सूर तपासले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जीव धोक्यात असताना गळा ताणला जातो आणि आवाज फाटतो. ते ऐकलं की आपलं शरीर सावध होतं. 'सायको' या चित्रपटात संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली आणि न्हाणीघरातल्या प्रसंगात ती तशीच फाडली. दिग्दर्शक हिचकॉक यांना तो प्रसंग आधी संगीताशिवाय हवा होता. हर्मन यांनी लिहिलेलं ऐकल्यावर त्यांनी मत बदललं. पण ते सूर कधी येतात ते बघा. सुरी दिसते तेव्हा. त्याआधी ऐकू येतं ते नुसतं पाणी. किंकाळी वाट बघायला लावत नाही, ती वाट बघणं संपवते. दोन मिनिटं सलग किंकाळीच वाजवत ठेवली तर संपवायला काय उरलं?

खर्जाबद्दलही एक सांगून टाकते, कारण हा प्रश्न दर महिन्याला येतो: "हेडफोनवर अंगावर येतं, मोबाइलवर काहीच ऐकू येत नाही." मोबाइलचा इवलासा स्पीकर साधारण १५०-२०० हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ वाजवतच नाही. तुमचा ४० हर्ट्‌झचा नाद तिथे पोचतच नाही. त्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा परिणाम) लावा, म्हणजे त्याच सुराचे वरचे पडसाद तयार होतात आणि कान त्यांवरून खालचा सूर ओळखून घेतो.

दुसरी चाचणी: आवाज बंद करा

आता उलट. आवाज पूर्ण बंद, फक्त चित्र. या वेळचा प्रश्न: धोका कुठल्या बाजूने येणार, हे मला हाताने दाखवता येतंय का?

मला येत नव्हतं. २ मिनिटं १० सेकंदांत ३१ शॉट होते आणि त्यांतल्या एकातही नात आणि माजघराचं दार एकत्र दिसत नव्हतं. नातीचा चेहरा, दाराची कडी, पाय, पुन्हा चेहरा, अंधार. तिचा पलंग दारापासून दोन हातांवर आहे की घराच्या दुसऱ्या टोकाला? दार तिच्या पाठीमागे की समोर? घराचा नकाशाच डोक्यात नसेल तर माणूस कुठल्या दाराकडे बघत बसेल? हलत्या कॅमेऱ्याने यात भरच घातली होती. हातातला कॅमेरा घाई सांगतो, गोंधळ सांगतो. मुलगी पलंगावर पडून कान देऊन ऐकते आहे, तिथे घाई कसली?

हा भाग दुरुस्त करायला एक रात्र पुन्हा शूट करावं लागलं. कॅमेरा पलंगाच्या उंचीवर, तिवईवर पक्का. २८ मिलिमीटरची लेन्स. चौकटीत डावीकडे खाली नातीचं डोकं आणि खांदा, आणि उजवीकडची जवळजवळ दोन तृतीयांश जागा माजघराच्या उघड्या दाराला. दारापलीकडे काळोख. हा शॉट आम्ही ३४ सेकंद तसाच सोडला. काहीच घडत नाही. पण मोकळी ठेवलेली जागा डोळ्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि आपण नातीऐवजी त्या दाराकडेच बघायला लागतो. ती झोपलेली आहे, जागे आपण आहोत.

दाराआड अर्धंच दाखवलं तर आणखी काय होतं याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. 'रोझमरीज बेबी' या १९६८ सालच्या चित्रपटात शेजारची म्हातारी खोलीत फोनवर बोलते आहे. छायालेखक विल्यम फ्रेकर यांनी ती नीट दिसेल अशी चौकट लावली होती. दिग्दर्शक पोलान्स्की यांनी कॅमेरा सरकवायला लावला, इतका की दाराच्या चौकटीआड तिची पाठ तेवढी उरावी. फ्रेकर यांना कारण कळेना. थिएटरात मात्र लोक तिला बघायला खुर्चीत बसल्या बसल्या माना तिरक्या करू लागले. लपवणं म्हणजे न दाखवणं नव्हे. आणखी थोडं वाकलं असतं तर दिसलं असतं, असं वाटायला लावणं म्हणजे लपवणं.

दुसरा दोष कटांचा. नात वळून बघते आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये तिने काय बघितलं ते हजर. हे सगळ्यांचंच होतं, हात आपोआप तसा चालतो. तिच्या चेहऱ्यावर थांबा. आम्ही चार सेकंद थांबलो. तिने काहीतरी ऐकलंय हे कळतं, काय ते कळत नाही. आणि मग कट केला तो रिकाम्या दारावर.

अर्थात यासाठी अभिनयही तसाच हवा. पहिल्या वेळी दिग्दर्शकाने तिला "घाबर" असं सांगितलं होतं, त्यामुळे ती डोळे विस्फारून बसली होती आणि बघणाऱ्याच्या वाट्याची भीतीही तिनेच भिऊन टाकली होती. पुन्हा शूट करताना तिला एवढंच सांगितलं: "थेंब आहे की बत्ता, ते ओळख." ती ओळखायला लागली. श्वास आपसूक धरला गेला.

कॅमेऱ्याची हालचाल पूर्ण सीनमध्ये एकच ठेवली, शेवटाकडे: दाराच्या दिशेने २० सेकंदांत हातभर सरकणारी. सुरुवातीला कॅमेरा सरकतोय हे कळतच नाही. दाराची चौकट पडद्याच्या कडेला भिडायला लागते तेव्हा कळतं. ही हालचाल कुणाच्याच नजरेची नाही. नात तर जागची हललेली नाही. मग पुढे जातंय कोण?

तिसरी चाचणी: रंग काढून टाका

सॅच्युरेशन, म्हणजे इथे रंगांचा गडदपणा, शून्यावर आणा. चित्र कृष्णधवल झालं की दोन गोष्टी लगेच दिसतात: प्रकाश आहे का, आणि नजर कुठे जाते.

त्या कटमध्ये नातीचा चेहरा, भिंत आणि मच्छरदाणी एकाच राखाडीत मिसळले होते. अंधार हवा म्हणून त्यांनी एक्सपोजरच तीन स्टॉप पाडलं होतं, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेडच आठपट कमी केला होता. त्याने अंधार येत नाही, मळकट चिखल येतो, आणि मग त्यात दाणे दिसायला लागतात. काळोख काळा वाटायला चौकटीत कुठेतरी उजेड असावा लागतो. डोळा तुलनेनेच बघतो.

आम्ही माजघरापलीकडच्या देवघरात समई लावली. लाइट गेल्यावर जळत राहणारी घरातली एकटी वस्तू, त्यामुळे ती तिथे का, हे कुणाला सांगावं लागत नाही. समईचा स्वतःचा उजेड कॅमेऱ्याला पुरत नाही, म्हणून फळीमागे एक छोटा पिवळा एलईडी लपवला. आता दाराच्या काळोखात लांबवर एक सोनेरी ठिपका आला, आणि त्याच्या अलीकडून काही गेलं तर तो क्षणभर झाकला जाणार हे बघणाऱ्याला न सांगता कळलं. तो ठिपका आम्ही सीनमध्ये एकदाच झाकला, सेकंदाच्या तिसऱ्या भागापुरता. त्यावर कसलाही आवाज ठेवला नाही. काहींना दिसतो, काहींना दिसत नाही. ज्यांना दिसतो ते शेजारच्याला विचारतात.

रंगाकडे यानंतरच यायचं. रात्र निळी दाखवण्याची रीत खोटी नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग लवकर काळवंडतो आणि निळा तुलनेने उजळ वाटतो. १९व्या शतकातल्या चेक शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. पण तयार 'लट' (LUT, म्हणजे रंगछटांचा आयता साचा) उचलून अख्ख्या चित्रावर पसरला की कातडी, भिंत, ज्योत सगळं एकाच निळ्यात बुडतं. निळा हवा तर तो खिडकीतून येऊ द्या. चेहऱ्यात रक्त राहू द्या.

आणि भीतीला रात्र लागतेच असंही नाही. 'लपाछपी' हा २०१७ सालचा मराठी चित्रपट उसाच्या फडातल्या घरात घडतो. भर उन्हात, हिरव्यागार उसाच्या भिंतींमध्ये माणूस हरवतो तेव्हा अंधाराची गरजच पडत नाही. 'तुंबाड'मध्ये छायालेखक पंकज कुमार यांनी बाहेरचं सगळं जग पावसाळी करड्या उजेडात ठेवलं, त्यासाठी युनिटने अनेक पावसाळे वाट बघितली, आणि लाल रंग राखून ठेवला तो देवीच्या गर्भाशयासाठी. बाहेर लाल उधळला असता तर आत उरला नसता.

आमच्याकडे लाल राखून ठेवायला अडचण होती ती जमिनीची. घराला लाल कोबा. मग ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग सुधारताना, फक्त तो लाल निवडून तपकिरीकडे उतरवला, नातीची लाल ओढणी दुसऱ्या शूटला राखाडी केली, देवघरातली जास्वंद काढून तगर ठेवली. पूर्ण चित्रपटात लाल दिसतो तो दोनदा: दुपारी आजीच्या रंगलेल्या ओठांवर, आणि या सीनच्या शेवटी. आजीचा चेहरा आम्ही काढून टाकला. नात मोबाइलचा टॉर्च लावून माजघरात जाते, कुणी नाही, खलबत्ता फडताळात जागच्या जागी पालथा. ती तो सुलटा करते. आत कुटलेलं पान, ओलं, कात-चुन्याने रंगलेलं लालभडक.

धक्क्याचा आवाज लावायचा का, यावर मुलांशी बराच वाद झाला. शेवटी लावला नाही. त्या जागी लाइट येते. फ्रिज घरघरायला लागतो, पंखा फिरायला लागतो आणि सगळे बारीक आवाज पुन्हा त्याच्याखाली जातात. आता माजघरात काही वाजलं तरी ऐकू येणार नाही.

सीन २ मिनिटं ३८ सेकंदांचा झाला. टाइट करायला आला होता, २८ सेकंदांनी वाढला. शॉट ३१ वरून ९ वर आले.

किरकोळ, पण नेहमी येणाऱ्या तक्रारी

ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र फडफडतं: आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर १/५० सेकंद ठेवा. २४ फ्रेमच हव्या असतील तर शटर १७२.८ अंशांवर न्या, तेही १/५० च होतं.

अंधाऱ्या भिंतीवर पट्टे किंवा चौकोन दिसतात: ८ बिटांच्या आणि कमी बिटरेटच्या फाइलमध्ये काळ्याच्या छटा पुरत नाहीत. १० बिटांत शूट करा, ते शक्य नसेल तर ग्रेडिंगनंतर बारीक ग्रेन घाला आणि निर्यात करताना बिटरेट वाढवा.

घरी नीट दिसतं, हॉलमध्ये नुसता काळोख: प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो, आणि हॉलच्या दारातून येणारा उजेड त्याला आणखी राखाडी करतो. दाखवायच्या जागी आदल्या दिवशी जाऊन एकदा लावून बघा. महत्त्वाची वस्तू अगदी तळाच्या काळ्यात ठेवू नका.

नवा कट त्याच आठ जणांपैकी पाच जणांना आणि सात नव्या लोकांना दाखवला. पहिल्या ठोक्यानंतरच्या सात सेकंदांत कुणी हललं नाही. मागच्या खेपेला हसलेल्यांपैकी एकाने शेवटी विचारलं, "तो दिवा मधे विझला होता का?"

एक दोष मात्र अजून तसाच आहे. समईची ज्योत एका शॉटमध्ये डावीकडे झुकते आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे, कारण मधल्या वेळात परसाचं दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं. ज्या ठिपक्याकडे सगळ्यांनी बघावं म्हणून एवढं केलं, तोच उडी मारतो. ते दोन सेकंद पुन्हा शूट करायला मुलं पुढच्या आठवड्यात त्या घरी जाणार आहेत. या वेळी दाराला पोतं लावून वारा अडवायचं ठरलंय.